धोतरावरची पाखरं

दोन वर्षांमागं दिवाळीच्या सुट्टीत नात घरी आली आन तिसऱ्याच दिवशी माझं एक धोतर गायब झालं. माझी धोतरं मोजून चार. एक अंगावर, एक दोरीवर, एक लग्नकार्यासाठी पेटीत आन एक इतकं जुनं की म्हातारी ते धुताना पिळत नाही, नुसतं झटकते. गेलं ते हेच. म्हातारीनं परसात पाहिलं, गोठ्यात पाहिलं, शेजारच्या कुत्र्याला शिव्या घातल्या. मी म्हणलं जाऊ दे, जुनंच होतं. संध्याकाळी वैरण काढायला आखाड्यावर गेलो तर माझं धोतर बाजेवर ताणून बसवलेलं, चारी बाजूंनी सुतळीनं आवळलेलं, आन त्याच्यावर एक साळुंकी उभी. नात खाली मांडी घालून बसलेली, दातात ब्रश धरलेला.

"हे काय गं?"

"आबा, रागावू नका. दुकानातल्या नव्या कापडाला खळ असती. रंग वरच बसतो, आत जात नाही. मी दोन-दोनदा उकळून धुते, तरी थोडी राहतीच. तुमच्या धोतरातली खळ वीस वर्षांत पार निघून गेली. हे कापड रंग पितंय बघा."

खरंच पीत होतं. तिनं ओल्या ब्रशाचं टोक टेकवलं की रंग सावकाश आत उतरायचा, जशी उन्हाळ्यात तापलेली ढेकळं पाणी पितात तशी. मी चाळीस वर्षं कापूस पिकवला. वेचला, गाडीत दाबून भरला, मानवतच्या मोंढ्यात नेऊन भावासाठी घासाघीस केली. पण त्या कापसाचं कापड झाल्यावर ते कसं वागतं, हे मला माझ्याच धोतराबद्दल अठरा वर्षांच्या पोरीकडून कळलं.

आमचं गाव पाथरीपासून गोदावरीच्या अंगाला. नात पाथरीच्या शाळेत होती तेव्हापासून चित्रं काढते. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, दोन्हीत चांगली ग्रेड आली. मग तिनं कापडावर रंगवायचं काढलं. उशीचे अभ्रे, बायकांचे ब्लाउज, टेबलावरचं कापड. सगळ्यांवर मोर नाहीतर राघूची जोडी. मोबाइलमध्ये बघून काढायची. गल्लीतल्या बायका शंभर-दीडशे रुपये द्यायच्या, वर चहा. मला ते लई आवडायचं. पण आता खरं सांगतो, ते सगळे मोर एकाच आईचे होते. मान तशीच वळलेली, पिसारा तसाच, डोळा तसाच. आमच्या शेजारणीच्या ब्लाउजावरचा मोर आन सरपंचाच्या सुनेच्या अभ्र्यावरचा मोर यांची अदलाबदल झाली असती तर कोणाच्या ध्यानात आलं नसतं.

बारावीनंतर ती संभाजीनगरला चित्रकलेच्या कॉलेजात गेली. पोराचा, म्हणजे तिच्या बापाचा विरोध होता. त्याचं म्हणणं डी.एड. कर, नर्सिंग कर, पाखरं काढून कोणाचं पोट भरलंय. घरात महिनाभर धुसफूस झाली. मी दहावी शिकलेला माणूस, मला काय कळतंय, पण मी म्हणलं एक वर्ष जाऊ दे. ते वर्ष गेलं आन पोरगाही गप झाला.

तिथं पहिल्याच वर्षी तिच्या सरांनी ते अभ्रे पाहिले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की ह्यातलं कोणतं पाखरू तू स्वतः पाहिलंस? ही गप. मग म्हणाले, जे पाहिलं नाही ते काढू नको. पोरगी रात्रभर रडली म्हणे. दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या खिडकीत बसणारा कावळा काढला. तिसऱ्या दिवशीही कावळा. महिनाभर कावळाच.

म्हणून त्या दिवाळीला ती आली ती पाखरं बघायला. आन वाटाड्या म्हणून धरलं मला.

मला वाटलं होतं पाखरांतलं मला सगळं कळतं. जन्म वावरात गेला. आम्ही पहाटे निघायचो. धुकं असायचं, कपाशीच्या पानावर दव. मी सांगायचो, तो बघ कोतवाल, ती टिटवी, तो वेडा राघू, तो तारेवरचा निळा तास. ती वहीत पेन्सिल चालवायची आन मधीच इचारायची.

"आबा, साळुंकीचे पाय कोणत्या रंगाचे?"

मी थांबलो. साळुंकी मी जन्मापासून बघतो. आमच्या गोठ्यात ती म्हशीच्या पायाजवळ फिरते. पण पाय? मी म्हणलं, मातकट असतील. ती म्हणाली, "पिवळेधमक. चोचीसारखे. आन डोळ्याच्या मागंही पिवळं." मी जाऊन बघितलं. पिवळेच होते.

असं रोज व्हायचं. टिटवीच्या डोळ्यापुढं लाल मांस असतं. वेडा राघू तारेवरून उडतो, हवेतच माशी धरतो आन पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. मधमाशी असली तर आधी तारेवर आपटतो. हे सगळं माझ्या डोक्यावर साठ वर्षं चाललं होतं. मग मला काय माहीत होतं? तर कोण काय खातं. राघू कणीस कसं कातरतो, कवडा पेरलेलं कसं टिपतो, साळुंक्या बोरीखाली काय करतात. आन टिटवीनं अंडी उंचावर घातली तर पाऊस जास्त, नाल्यात घातली तर कमी. माझ्याजवळ पाखरांची यादी होती ती चोरांची यादी होती. पोलीस पाटलाला गावातली माणसं जशी माहीत असतात तशी.

आता कापडाचं. बाटलीतले फॅब्रिक कलर असतात, ते तिला येतच होते. रंग वाळू द्यायचा, दुसऱ्या दिवशी उलट्या बाजूनं गरम इस्त्री फिरवायची, मग तो धुण्यात जात नाही. पण जुन्या धोतराची एक खोड निघाली. ते रंग पितं खरं, पण पिऊन पसरवतं. साळुंकीची मान लिहावी तर ती सुजून कवड्याएवढी व्हायची. मग दुसऱ्या वर्षाला कॉलेजात तिला कलमकारीचं कळलं. आंध्रात श्रीकाळहस्तीला बांबूच्या काडीनं कापडावर चित्रं लिहितात. ते लोक कापड आधी हिरड्याच्या आन म्हशीच्या दुधाच्या मिश्रणात भिजवून उन्हात वाळवतात. दुधाच्या स्निग्धपणानं रंग पसरत नाही. हिरडा आपल्याकडं खोकल्याला असतोच. दूधही घरचं. फक्त म्हातारीला पटवायचं होतं.

"चहाला दूध नाही आन ही धोतराला पाजायली!" म्हातारी दोन दिवस बडबडत होती. तिसऱ्या दिवशी स्वतःच चरवी घेऊन आली, म्हणाली हे सकाळचं धारेचं आहे, ह्याला साय जास्त.

त्याच कलमकारीतला काळा रंग हा तर मला चमत्कारच वाटला. तो दुकानात मिळत नाही. गंजकं लोखंड, गूळ आन पाणी एका मडक्यात घालून तोंड बांधून ठेवायचं. तीनेक आठवडे. लोखंड आखाड्यामागं पडलेलंच होतं. ट्रॅक्टर आल्यापासून नांगर मोडीत गेला, त्याचा फाळ, कोळप्याची पास, बैलांच्या जुन्या नाला. पोरीनं सगळं गोळा केलं. गूळ तर आमच्या उसाच्या पट्ट्यात कोणीही देतं. मडकं आंबून असा वास सुटला की गडी आखाड्यावर जेवायला बसेना. पण ते पाणी गाळून तिनं काडीनं हिरडा लावलेल्या कापडावर ओढलं तेव्हा आधी नुसती फिकी, पाण्यासारखी रेघ दिसली. बघता बघता ती करडी झाली आन मग काळी. हिरड्यात तुरटपणा असतो, त्याचं लोखंडाशी जमलं की काळं होतं, असं तिनं सांगितलं. ज्या फाळानं माझ्या बापानं आन मी रान फाडलं, त्या फाळाचा काळा रंग माझ्या धोतरावर कोतवालाच्या शेपटीत बसला. मी ते कितीतरी वेळ बघत राहिलो. बाकीचे रंग बाटलीतलेच. त्याची तिला लाज नव्हती. जिथं जे जमंल ते.

पांढऱ्यावर पांढरं पाखरू कसं काढायचं, ह्यात तिचे बरेच दिवस गेले. नांगरटीच्या मागं बगळे येतात, ते तिला काढायचे होते. पांढरा रंग लावून पाहिला, तो भिंतीला चुना लावल्यासारखा दिसायचा. शेवटी तिनं बगळा काढलाच नाही. भोवतालची काळी ढेकळं काढली आन बगळ्याची जागा तशीच सोडली. लांबून पाहिलं की बगळेच. धोतराचाच बगळा.

कापडावर पाखरू ही आपल्याकडं काही नवी गोष्ट नाही. गोदावरीनं वर जावं तर पैठण. तिच्या कॉलेजची सहल गेली होती. पैठणीच्या पदरावर मोर, काठात राघू. ते रंगवलेले नसतात, विणताना एकेक धागा मोजून घालतात. ती म्हणाली, "आबा, विणकर दिवसभर बसला तरी बोटभर विणून होतं. त्याच्या मोराला मोजमाप आहे, म्हणून तो पिढ्यानपिढ्या तसाच राहिला. माझ्याकडं मोजमाप नाही, मग मला नजर तरी पाहिजे." त्याच पैठणच्या धरणाचा डावा कालवा आमच्या तालुक्यात येतो. 1976 साली धरण पुरं झालं, त्याच वर्षी मी दहावी झालो. पुढं कालव्याचं पाणी आलं आन आमच्याकडली पिकं बदलली. आधी सगळं शिवार ज्वारीचं होतं. ऊस आला, 2002 नंतर बीटी कपाशी आली, मग सोयाबीन. ज्वारी राहिली ती हुरड्यापुरती.

गेल्या संक्रांतीला ती चार दिवस आली होती. शेजाऱ्याच्या दीड एकर ज्वारीत भोरड्या उतरल्या होत्या. शंभरेक असतील. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. ती बांधावर बसून भराभर काढत होती. मी हसलो. म्हणलं ह्याला काय थवा म्हणतात का? आन मग तिला माळ्याचं सांगितलं. मी दहा-बारा वर्षांचा असताना कणसं भरली की वावरात चार मेढी रोवून माळा बांधायचे. त्याच्यावर पोरं उभी. हातात गोफण, कमरेला खड्यांचा वटा, शेजारी वाजवायला रॉकेलचा डबा. भोरड्यांचा थवा यायचा तो ढगासारखा. सावली पळताना दिसायची. इकडून उठवला की तिकडं बसायचा. ओरडून ओरडून घसा बसायचा, घरी आल्यावर आई गरम पाणी द्यायची. नात म्हणाली त्या भोरड्या पार कझाकस्तानाकडून येतात, तिकडंच अंडी घालतात. मारुती चितमपल्लींचं पुस्तक तिच्या पिशवीत होतं. वनखात्यातला सोलापूरचा माणूस, जन्मभर रानात राहून पाखरांची गावाकडली नावं गोळा करत हिंडला. त्यात तिनं मला भोरडीचं दुसरं नाव दाखवलं, पळसमैना. एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्याला आम्ही दगड हाणायचो, हे मला तेव्हा कळलं असतं तरी मी हाणलेच असते. ज्वारी आमची भाकर होती.

त्या बोलण्यात तिनं सहज इचारलं, "आबा, पलीकडच्या शिवारात मोर ओरडतेत. आपल्याच रानात कामून नाहीत?"

मी म्हणलं, पाणी नसंल इकडं. पाणी तर होतं, कालव्याची चारी समोरून जाते. ती काही बोलली नाही. तिचं लक्ष वहीत होतं. मी बिडी पेटवली, विझवली. मग सांगितलं.

1995 सालचा उन्हाळी भुईमूग. कालव्याची पाळी मिळणार म्हणून पेरला होता. बी महाग, सोसायटीचं कर्ज आधीचंच थकलेलं. पहिल्या पेऱ्यातलं अर्धं बी मोरांनी, लांडोरींनी आन कवड्यांनी उकरून खाल्लं. दुसऱ्यांदा बी आणायला म्हातारीची बोरमाळ गहाण पडली. तेव्हा बियाला औषध चोळलं. तेवढं सगळेच करत. पण मी तेवढ्यावर थांबलो नाही. उरलेलं औषध दोन ओंजळी बियांत कालवलं आन बांधाच्या कडंला, जिथून ती वावरात उतरायची तिथं पसरून ठेवलं. मातीआड केलं नाही. पेरणीत सांडलं असं म्हणायला जागा होती, पण ते सांडलेलं नव्हतं.

सकाळी पाच लांडोरी पडल्या होत्या. कवडे किती ते मी मोजले नाहीत. एक लांडोर जिती होती, मान भुईला घासत गोल फिरत होती. मोर हे राष्ट्रीय पाखरू, मारलं तर जेल, हे मला माहीत होतं. कोणी उठायच्या आत ओढ्याच्या काठाला खड्डा घेतला. जी जिती होती तिची वाट बघत बसलो, कारण तिला हाणायला हात होईना. सूर्य वर आला तरी ती मरेना. भुईमूग पिकला. बोरमाळ सुटली. घरात कोणाला काही सांगितलं नाही. त्यानंतर आमच्या बांधाला मोर उतरला नाही. दुसरंही काही कारण असंल, झाडं तुटली, फवारण्या वाढल्या. पण मी ते कारण धरून कधी बसलो नाही.

नातीनं वही मिटली. बराच वेळ गेला. मग म्हणाली, "आबा, सलीम अलींनीपण लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं चिमणी मारली होती. तिच्या गळ्याला पिवळं होतं, म्हणून ही कोणती म्हणून इचारायला गेले आन पुढं जन्मभर पाखरांचंच केलं."

मला कळलं ती समजूत घालते. मी म्हणलं, "ते पोर होतं बाई. मी पस्तीस वर्षांचा बाप्या होतो."

त्या दिवशी तिनं पुन्हा वही उघडली नाही. रात्री नीट जेवली नाही. मला वाटलं, सांगायला नको होतं. म्हातारपणी माणसाचं तोंड सैल होतं ते असं. दुसऱ्या दिवशी मानवत रोडला तिला रेल्वेत बसवायला गेलो तर खिडकीतून म्हणाली, "आजीला सांगितलं का?" मी नाही म्हणलं. गाडी हलली.

घरी येऊन म्हातारीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मला माहीत होतं. तुमच्या खोऱ्याला पीस चिकटलेलं होतं. मीच धुतलं." तीस वर्षं आम्ही दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो.

मार्चमध्ये कॉलेजचं वार्षिक प्रदर्शन होतं. पोरगा मला घेऊन गेला. मोठ्या दालनात माझं धोतर आडव्या काठीला लांबच्या लांब टांगलेलं. नेसायचं कापड एवढं लांब असतं हे तिथं कळलं. एका टोकाला नांगरट, काळी ढेकळं, त्यात बगळे. मधी तारा, तारांवर तास, कोतवाल, वेडे राघू. वर भोरड्यांचा थवा, मी सांगितला तसा, मावत नसलेला, काठाबाहेर गेलेला. तो तिनं कुठं पाहिला होता? सरांनी इचारलं असंल तर काय सांगितलं असंल कोण जाणे. आन पार दुसऱ्या टोकाला, जिथं धोतर सगळ्यात इरलेलं आहे, तिथं बांध होता. बांधाच्या कडंला पाच कोऱ्या जागा. बगळ्यासारख्याच सोडलेल्या, पण आडव्या.

मी मोजल्या. पुन्हा मोजल्या.

एक बाई जवळ येऊन बघत होत्या. त्यांनी नातीला इचारलं, "हे पाच बगळे झोपलेत का?" नात म्हणाली, "ते बगळे नाहीत." एवढंच. पुढं काही बोलली नाही, माझ्याकडं बघितलंही नाही. एकानं ते विकत मागितलं. मोठी रक्कम सांगितली, पोराचे डोळे चमकले. ती म्हणाली, हे आजोबांचं आहे, त्यांना इचारा. मी म्हणलं, देऊ नको.

आता ते घरी आहे. म्हातारीनं घडी घालून पेटीत ठेवलंय, कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला घालून. मधून ती ते काढून उन्हाला टाकते. पाखरं वर येतील अशी टाकते.

परवा नातीचा फोन आला होता. आता तिसरं वर्ष लागलं. ढालेगावच्या बंधाऱ्यावर हिवाळ्यात पाणपाखरं उतरतात, ती काढायची म्हणून दिवाळीला येणार आहे. म्हणाली, "आबा, अजून एक धोतर लागंल. जुनंच पाहिजे."

मी म्हणलं, बाई, जुनं व्हायला मला ते आधी नेसावं लागंल की. म्हातारी शेजारून ओरडली, दोरीवरचं देते म्हणावं, यांना काय, पायजमा घालतील.